चावा

आधी टाकी काढली.
मग सायलेन्सर, मग क्लचची वाटी,
शेवटी चार स्क्रू सोडवून इंजिन:
मुठीत मावणारं, काळं, अजून कोमट वाटणारं,
गेल्या रविवारपासून पेटलंच नव्हतं तरी.
फडक्यात गुंडाळताना एरंडेलाचा वास आला.
नायट्रोच्या इंधनात एरंडेल असतं,
हे ऐकलं की आई अजून तोंड वाकडं करते.

सोसायटीने नोटीस दाराला चिकटवली होती:
बी-विंग, खोली चौदा, गच्चीवर इंजिन चालवणे
तात्काळ बंद करावे. खाली गोल शिक्का.
पण खरं कारण ते नव्हतं.
इंधनाचा डबा महागला, मग मिळेनासा झाला,
आणि भांडुपच्या ट्रॅकवर बॅटरीवाली पोरं
उडीनंतरच्या वळणावर
मला सहज मागे टाकायची.

तुस्कानो काका तीन दिवस बोलले नाहीत.
ताडदेवला टॅक्सीची इंजिनं लावण्यात त्यांची हयात गेली.
माझ्या ट्रकची सुई तेच लावायचे,
डोळे मिटून, स्क्रूड्रायव्हर पाव फेरा.
"भुकेलंय," म्हणायचे, नाहीतर "तुडुंब जेवलंय."
चौथ्या दिवशी आले, नवी मोटर उचलली,
कानाशी नेऊन हलवली.
"हिचं काय ऐकायचं?"

मी गिरगावात दात बनवते. लोकांचे.
त्यामुळे कानस, ड्रिल, भिंग हे सगळं घरचंच.
मोटर बसवायची ॲल्युमिनियमची पट्टी
लॅबमध्येच कापली, जेवणाच्या सुट्टीत,
कुणा बोरकरांच्या दाढेशेजारी.
टाकीच्या जागी बॅटरीचा पाळणा.
ब्रेकचा सर्व्हो गेला, त्याची सळई गेली,
ट्रक दिसू लागला
कवळी काढून ठेवलेल्या तोंडासारखा.

पिनियनचे दात मोठ्या चाकाच्या दातांत
किती रुतवायचे, एवढाच काय तो प्रश्न.
घट्ट बसले तर झिजतात, सैल बसले तर तुटतात.
चावा बघायचा निळा कागद घातला: फार पातळ.
मग नोटिशीची कड फाडली, मध्ये सरकवली, चाक फिरवलं.
पट्टी पलीकडून आली
चुण्या पडून, न फाटता.
अर्धा शिक्का होता तिच्यावर.

भांडुपला, बंद रंगाच्या कारखान्यामागे, सकाळी नऊ.
शेजारी दोन नायट्रो धूर सोडत किंचाळत होते.
माझा ट्रक सुटला
आणि मला कळेना, चालू आहे की नाही.
बोट ट्रिगरवर, कान मोकळे.
पहिल्याच वळणावर उलटला, अर्थात.
किती जोर दिलाय हे इतकी वर्षं
मी ऐकून ठरवत होते, बघून नाही.

काका पिटमध्ये उभे, इंधनाची बाटली धरून.
सवयीने आणलेली. रिकामी.
सातव्या मिनिटाला त्यांनी मान तिरकी केली.
"वैजू, दात घासतायत."
एवढ्या गोंगाटात?
"मागच्या पेटीत. तुझं भूत समोरून गेलं ना,
की त्याच्या पोटात कुणीतरी शीळ घालतंय.
आधी नव्हती."
मग जरा थांबून,
"नाही. असेल. इंजिनाखाली दबलेली असेल."

आठांत सहावी आले.
रात्री जेवणाच्या टेबलावर पेटी उघडली,
काळं ग्रीस पुसलं:
दोन दात अर्धे. तुटल्या कडा गुळगुळीत.
कालची तूट नव्हे ही.
किती शर्यती हे असंच, तोंड मिटून, पळालं.

काकांनी ते चाक उजेडात धरलं.
"बसवता येतील का?"
येतील, पण नवं चाक स्वस्त पडेल, म्हटलं.
ते बराच वेळ अंगठ्याने ती फट चाचपत राहिले,
जीभ जाते ना पडल्या दातापाशी, तसे.
जाताना म्हणाले,
पुढल्या रविवारी बाटली नाही आणणार.

आणली.